थंड इंजिनाचे पहिले मिनिट

जुन्या मोटारींच्या मालकांकडून दोन तक्रारी सारख्या ऐकू येतात. हिवाळ्यात सकाळी गाडी उठते आणि लगेच बंद पडते, ही पहिली. गाडी गरम झाल्यावर उभी असतानाही गुरगुरत राहते, स्लो (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) खाली येतच नाही, ही दुसरी. बहुतेक वेळा दोन्ही तक्रारी एकाच गाडीच्या असतात आणि दुसरी ही पहिलीवर केलेल्या उपायातून निघालेली असते. सकाळी बंद पडते म्हणून कोणीतरी स्लोचा स्क्रू अर्धा फेरा आत दिलेला असतो, आणि मग दुपारी इंजिन शांत बसत नाही.

कार्ब्युरेटर बनवणाऱ्यांना हा पेच ठाऊक होता. थंड इंजिन आणि गरम इंजिन यांना एकच स्क्रू पुरणार नाही, म्हणून त्यांनी वेगळी सोय केली. चोक ओढला की थ्रॉटलची चकती अगदी थोडी उघडी राहते, आणि चोक आत सारला की ती आपल्या मूळ जागी परत बसते. हाच फास्ट आयडल; या लेखात त्याला चोकवरचा स्लो म्हणू. तो कसा बसवायचा याबद्दल कारखान्यांची पुस्तके एक सांगतात, जुने मिस्त्री दुसरे, आणि पेट्रोलमध्ये आलेल्या इथेनॉलने आता तिसराच प्रश्न उभा केला आहे. जालना जिल्ह्यातल्या गाड्या, हवा आणि धूळ समोर ठेवून या सगळ्याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे चोकवरच्या स्लोचा आकडा चुकलेला असतो हे खरे, पण मूळ दुखणे आकड्यात नाही. चोक आणि थ्रॉटल यांना जोडणारी साखळीच कितीतरी गाड्यांत तुटलेली किंवा गंजून बसलेली आहे. ती जोडल्याशिवाय आकड्यावर वाद घालण्यात वेळ जातो, बाकी काही होत नाही.

जालन्यात जुनी मोटार म्हणजे संस्थानिकांची रोल्स-रॉइस नव्हे. १ मे १९८१ रोजी जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला, तेव्हा देशभर ज्या गाड्या दिसत त्याच इथे दिसत. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली, उत्तरपाड्यात बनणारी अँबेसेडर. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी, मूळ फियाट ११०० असलेली आणि १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेली गाडी. आणि स्वातंत्र्याच्या वर्षापासून महिंद्रा जोडत आलेली विलीज जीप. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि बघता बघता सगळ्यांवर भारी पडली. बियाण्यांचा व्यापार, जिनिंग, लोखंडाच्या रोलिंग मिल आणि अंबड-घनसावंगीकडचा जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचा ऊस, या सगळ्या धंद्यांतली माणसे याच गाड्यांतून फिरली.

पुढे पेट्रोल महाग झाले. जीपमध्ये आणि अँबेसेडरमध्ये डिझेल इंजिने बसवली गेली, मारुती व्हॅनमध्ये गॅसची टाकी आली. डिझेल इंजिनाला चोक नसतो. गॅस मुळातच वायुरूपात येतो, त्यामुळे त्यालाही चोकची गरज जवळपास पडत नाही. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही पुढे सीएनजीवर धावल्या, आणि दिवसभर रस्त्यावर असल्याने त्यांची इंजिने फारशी थंड होतच नव्हती. परिणाम असा झाला की ज्या वर्षांत आजच्या अनुभवी मिस्त्रींचा हात तयार झाला, त्या वर्षांत चोकची केबल हा दुर्लक्ष करण्याजोगा भाग ठरला. केबल अडकली तर ती कापून चोकचा हवा अडवणारा फ्लॅप तारेने कायमचा उघडा बांधून टाकायचा, हा उपाय त्या काळात अडचणीचा ठरला नाही. आज त्याच गाडीत पुन्हा पेट्रोल इंजिन बसवून कोणी ती हौसेने चालवू लागला की डिसेंबरच्या सकाळी त्या कापलेल्या केबलची आठवण होते.

थंड इंजिनाला नेमके काय हवे असते? कार्ब्युरेटर पेट्रोलची वाफ करत नाही, तो पेट्रोल फवारतो. वाफ पुढे होते, गरम मॅनिफोल्डमध्ये आणि गरम सिलिंडरमध्ये. मॅनिफोल्ड थंड असेल तर फवाऱ्यातला बराच भाग भिंतींवर थेंबांच्या रूपात बसतो आणि ठिणगीपर्यंत पोचणारे मिश्रण पातळ पडते. म्हणून चोक: हवा अडवायची किंवा पेट्रोल वाढवायचे, म्हणजे वाफ होणारा छोटा हिस्साही पेटण्यापुरता भरेल. पण एवढ्याने भागत नाही. रात्रभर थंड झालेले तेल घट्ट असते, आतले घर्षण जास्त असते, आणि अर्धवट जळणारे मिश्रण जोर कमी देते. गरम असताना जेवढ्या हवेवर इंजिन शांत फिरते, तेवढ्या हवेवर थंड असताना ते तग धरत नाही. त्याला हवा आणि पेट्रोल दोन्ही जास्त लागतात. जास्त पेट्रोल चोक देतो, जास्त हवा चोकवरचा स्लो देतो. एक असून दुसरे नसेल तर इंजिन काळा धूर ओकत बंद पडते किंवा खोकत बंद पडते.

ही जोडी प्रत्येक घराण्याने आपापल्या पद्धतीने जुळवली, आणि कोणत्या घराण्याचा कार्ब्युरेटर आपल्यासमोर आहे हे न पाहता स्क्रूला हात घालणे ही सगळ्यात मोठी चूक.

मॉरिस घराण्यातून आलेल्या अँबेसेडरवर एस.यू. कार्ब्युरेटर दिसतो. त्यात फ्लॅप नाहीच. चोकची केबल ओढली की पेट्रोलचा जेट खाली सरकतो, निमुळत्या सुईभोवतीची जागा वाढते आणि पेट्रोल जास्त येते. याच केबलवर एक छोटा कॅम बसवलेला असतो, आणि त्याला टेकणारा वेगळा स्क्रू थ्रॉटल उचलतो. यातली सुंदर गोष्ट म्हणजे चोकच्या दांड्याच्या पहिल्या थोड्या सरकण्यात जेट हलतच नाही, फक्त थ्रॉटल उचलला जातो. म्हणजे दांडा पूर्ण ओढला तर जास्त पेट्रोल आणि जास्त हवा. थोडा आत घेतला तर पेट्रोल नेहमीचे पण हवा अजून जास्त. पूर्ण आत सारला तर दोन्ही नेहमीचे. इंजिन गरम होत जाते तसे त्याला नेमके याच क्रमाने हवे असते. चोकवरच्या स्लोचे इतके सरळ उत्तर दुसऱ्या कोणत्याही कार्ब्युरेटरने दिले असे मला वाटत नाही.

सोलेक्सचे वेगळे आहे. हे फ्रेंच घराणे मद्रासच्या कार्ब्युरेटर्स लिमिटेडमार्फत भारतात रुजले आणि पुढच्या अँबेसेडर, पद्मिनी अशा देशी गाड्यांवर पसरले. त्याच्या बऱ्याच जुन्या नमुन्यांत थंड सुरुवातीसाठी बाजूला एक स्वतंत्र छोटा कार्ब्युरेटरच असतो. त्याला स्टार्टर म्हणतात. बॅटरीवरच्या स्टार्टरशी त्याचा संबंध नाही. केबल ओढली की आतली भोके असलेली चकती फिरते, आणि स्वतःच्या जेटमधून पेट्रोल व स्वतःच्या वाटेने हवा घेऊन तयार झालेले मिश्रण थ्रॉटलच्या खाली, थेट मॅनिफोल्डमध्ये उतरते. या रचनेत चोकवरच्या स्लोसाठी वेगळा स्क्रू नसतो, कारण जास्तीची हवा आणि जास्तीचे पेट्रोल दोन्ही स्टार्टरच देतो. हे मिश्रण ओढले जाते ते थ्रॉटलखालच्या निर्वाताने. म्हणून सुरू करताना थ्रॉटल बंद हवा, पाय पेडलवर नको. आपल्याकडे मात्र पेडल दाबत दाबत चावी फिरवण्याची सवय सगळ्याच गाड्यांना लावली जाते. फ्लॅपवाल्या कार्ब्युरेटरला ती थोडीफार चालते, कारण प्रत्येक दाबण्यासरशी पंप पेट्रोलची एक पिचकारी मारतो. स्टार्टरवाल्या सोलेक्सला ती घातक ठरते. थ्रॉटल उघडला की निर्वात जातो आणि स्टार्टर मुका होतो. एखाद्या पद्मिनीचा चोक काम करत नाही असे कोणी म्हणाले, तर कार्ब्युरेटर खोलण्याआधी मालकाचा पाय कुठे असतो ते विचारावे.

अशा सोलेक्सवर थंडीत इंजिनाचा वेग कमी पडत असेल तर उत्तर स्वच्छतेत आणि केबलमध्ये शोधायचे. स्टार्टरचा जेट बंद असतो, त्याच्या खालच्या विहिरीत गाळ साचलेला असतो, चकती झिजून वाकडी झालेली असते, किंवा सगळ्यात जास्त वेळा केबल पूर्ण ओढूनही बाजूचा दांडा शेवटपर्यंत जात नाही. दांडा हाताने शेवटपर्यंत नेऊन गाडी सुरू करून पाहिली की केबलचा दोष दोन मिनिटांत कळतो. इथे थ्रॉटलच्या स्क्रूला हात लावायचे काहीच कारण नाही.

जीपवर मुळात अमेरिकन कार्टर घराण्याचे फ्लॅपवाले कार्ब्युरेटर येत. वरच्या तोंडाशी फ्लॅप, खाली थ्रॉटल, आणि दोघांना जोडणारी बारीक सळई. फ्लॅप बंद झाला की सळई थ्रॉटलला ढकलते. कार्टरच्या काही नमुन्यांत हे अंतर कमीजास्त करायला स्क्रूही नसतो, सळईच पक्कडीने किंचित वाकवावी लागते. हे वाचून अंगावर काटा येईल, पण कारखान्याची अधिकृत पद्धत तीच आहे. फक्त वाकवायची ती सळईच्या मुद्दाम ठेवलेल्या वळणापाशी, थोडी थोडी, प्रत्येक वेळी मोजून. जीपच्या हरिकेन इंजिनाचा गरम स्लो कारखान्याने मिनिटाला ६०० फेरे इतका कमी ठेवलेला आहे, हेही लक्षात असू द्यावे. मोठे, जड फ्लायव्हील असलेले ते इंजिन त्या वेगावर आरामात फिरते. मारुतीच्या कानाने जीप ऐकणारा मिस्त्री तिचा स्लो नेहमी चढवूनच ठेवतो.

मारुती ८०० चा मिकुनी-सोलेक्स कार्ब्युरेटर नव्या काळातला. त्यातही चोकच्या दांड्याला जोडलेला कॅम आहे, आणि वातानुकूलन असलेल्या गाडीत निर्वातावर चालणारी आणखी एक चकती आहे. कॉम्प्रेसर चालू झाला की ती थ्रॉटल किंचित उघडते. या दोन गोष्टींची गल्लत वारंवार होते. एसी लावल्यावर इंजिन बसते म्हणून चोकवरचा स्लो वाढवून काही उपयोग नसतो. रबरी पडदा फाटला आहे का, बारीक नळी सुटली आहे का, ते आधी पाहायचे.

आपोआप चालणारा चोक असलेल्या जुन्या अमेरिकन गाड्या आपल्या जिल्ह्यात फारशा नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल थोडक्यात. त्यांत दोन धातूंची जोडपट्टी थंडीत आवळते आणि फ्लॅप बंद करते, पण पायऱ्यापायऱ्यांचा कॅम थ्रॉटलच्या स्प्रिंगने दाबून धरलेला असतो. म्हणून सुरू करण्याआधी पेडल एकदा पूर्ण दाबून सोडायचे, म्हणजे कॅम मोकळा होऊन वरच्या पायरीवर येतो. हे न करता दहा वेळा चावी फिरवणाऱ्याला गाडी बिघडली असे वाटते.

आता बसवण्याच्या पद्धती. कारखान्यांच्या पुस्तकांचा मार्ग जवळपास एकच आहे: इंजिन पूर्ण गरम करा, गरम स्लो आणि मिश्रण आधी बसवा, मग चोकचा दांडा ठरलेल्या जागी आणून किंवा कॅमची ठरलेली पायरी धरून चोकवरचा स्लो ठरलेल्या आकड्यावर आणा. लहान चार सिलिंडरच्या गाड्यांसाठी हा आकडा साधारण १००० ते १२०० फेऱ्यांच्या आसपास असतो, मोठ्या अमेरिकन इंजिनांत वरच्या पायरीवर १५०० आणि त्याच्याही पुढे. यातली खोच 'इंजिन पूर्ण गरम करा' यात आहे. आकडा गरम इंजिनासाठी लिहिलेला असतो, पण तो वापरायचा असतो थंड इंजिनासाठी. त्याच पायरीवर थंड इंजिन घर्षणामुळे कमी फिरते. हे न कळल्याने सकाळच्या थंड इंजिनावर कोणी १२०० चा आकडा बसवला, तर काही मिनिटांत तेच इंजिन त्याच पायरीवर कितीतरी जोरात ओरडू लागते. पुस्तक नीट वाचणाऱ्यांकडूनही ही चूक होताना दिसते.

दुसरा मार्ग फटीचा. थ्रॉटलची चकती आणि नळीची भिंत यांच्यामध्ये ठरलेल्या जाडीची ड्रिल बिट किंवा तार सरकवून अंतर बघायचे. हे अंतर नमुन्यानुसार अर्ध्या मिलिमीटरपासून एक-सव्वा मिलिमीटरपर्यंत असते. कार्ब्युरेटर टेबलावर खोललेला असताना हाच मार्ग बरा. त्यात इंजिनाची प्रकृती मध्ये येत नाही, आणि टेबलावर बसवलेला कार्ब्युरेटर गाडीवर चढवल्यावर फारसा हलवावा लागत नाही. मला व्यक्तिशः हा मार्ग अधिक विश्वासाचा वाटतो, निदान सुरुवातीसाठी. शेवटचा हात मात्र गाडीवर, गरम इंजिनावरच फिरवायला हवा.

तिसरा मार्ग कानाचा. जुन्या मिस्त्रींच्या कानाबद्दल मला मनापासून आदर आहे. एक सिलिंडर मारत नाही, पॉइंट जळला आहे, कुठूनतरी हवा खेचली जाते आहे, हे त्यांना बॉनेट उघडण्याआधी कळते. पण कानाला फरक कळतो, आकडा कळत नाही. ९०० आणि ११०० यांतला भेद शेजारी ठेवल्यावर ऐकू येतो, एकट्याने ओळखता येत नाही. प्लगच्या वायरीला गुंडाळायचे छोटे टॅकोमीटर आता सहज मिळतात. ते मोटारसायकलसाठी बनवलेले असतील तर चार सिलिंडरच्या गाडीवर लावण्याआधी त्यांची सेटिंग पाहून घ्यावी. चार स्ट्रोकच्या इंजिनात एका प्लगला दोन फेऱ्यांत एकच ठिणगी मिळते, आणि मीटर दर फेऱ्याला एक ठिणगी धरत असेल तर आकडा निम्माच दिसतो.

चौथा मार्ग, जो आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो, तो मार्ग नसून पळवाट आहे: चोक विसरायचा आणि गरम स्लोच चढवून ठेवायचा. त्याने नुकसान काय होते हे नीट समजावून घ्यायला हवे, कारण फक्त पेट्रोल जास्त जाते एवढेच सांगितले तर कोणी ऐकत नाही. थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला, भिंतीत, दोन-तीन बारीक भोके असतात. पाय पेडलवर पडताच चकती त्यांच्यावरून सरकते आणि मुख्य जेट बोलू लागेपर्यंतची मधली रिकामी जागा ती भोके भरून काढतात. स्लो चढवून ठेवला की चकती कायमच त्या भोकांच्या पुढे राहते. मग मिश्रणाचा स्क्रू फिरवूनही इंजिनावर परिणाम होत नाही, कारण पेट्रोल आता त्याच्या वाटेने येतच नाही. पिकअप घेताना गाडी क्षणभर अडखळते, कारण ती भोके आधीच खर्ची पडलेली असतात. डिस्ट्रिब्युटरच्या निर्वातावर चालणाऱ्या डब्याची नळीही बहुधा चकतीच्या किंचित वर उघडते. चकती तिच्या पुढे गेली की उभ्या गाडीतही टायमिंग पुढे सरकते आणि वेग आणखी वाढतो. वेग १००० च्या पुढे गेला की अनेक डिस्ट्रिब्युटरांतली वजने बाहेर फेकली जाऊ लागतात आणि टायमिंग अजून पुढे जाते. म्हणजे स्क्रू थोडासा फिरवला तरी आकडा उडी मारतो. आणि चावी काढल्यावरही इंजिन धडधडत काही क्षण चालू राहते, कारण उघड्या थ्रॉटलमधून हवा-पेट्रोल येत असते आणि सिलिंडरमधला तापलेला कार्बन ठिणगीचे काम करतो. एवढी दुखणी एका स्क्रूने ओढवून घेतलेली असतात, आणि ती दूर करायला मालक प्लग बदलतो, कॉइल बदलतो, कधी सगळा कार्ब्युरेटरच बदलतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी टॅपेट, प्लग, पॉइंट, टायमिंग. मग मॅनिफोल्डच्या पॅकिंगमधून आणि नळ्यांतून हवा आत येत नाही ना ते. मग चोकची केबल: दांडा पूर्ण आत असताना तिच्यात किंचित ढिलाई हवी, एक-दोन मिलिमीटर तरी, नाहीतर कॅम कधीच पूर्ण खाली बसत नाही. गरम इंजिनाचा स्लो खाली येत नाही या तक्रारीमागे कितीतरी वेळा ही न सोडलेली ढिलाईच असते. मग गरम स्लो आणि मिश्रण. आणि सगळ्यात शेवटी चोकवरचा स्लो. हा क्रम उलटा केला की प्रत्येक नवी दुरुस्ती आधीची बिघडवते.

जालन्याच्या हवेला दोन टोके आहेत. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. उन्हाळ्यात सकाळीसुद्धा चोक काही सेकंदांपुरताच लागतो, आणि खरा त्रास उलटा असतो: दुपारी उभ्या गाडीच्या फ्लोट चेंबरमधले पेट्रोल तापून मॅनिफोल्डमध्ये उतरते आणि इंजिन अति पेट्रोलाने गुदमरते. अशा वेळी चोक ओढणे म्हणजे दुखणे वाढवणे. पेडल पूर्ण दाबून धरून चावी फिरवायची, म्हणजे साचलेले मिश्रण बाहेर जाते. काळ्या मातीची धूळ हा बारमाही प्रश्न. ती तेलाशी मिसळून कॅमवर आणि केबलच्या नळीत घट्ट लेप बसवते, आणि परत यायचा कॅम परतच येत नाही. ब्रशने आणि थोड्या पेट्रोलने कॅम साफ करणे हे काम मी सगळ्या समायोजनांच्या आधी ठेवेन.

आता इथेनॉल. देशात १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०२२ मध्ये गाठले गेले, २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोचले. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यांना त्यातून बाजार मिळाला, आणि त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. पण ज्या कार्ब्युरेटरचे जेट साध्या पेट्रोलसाठी पाडले, त्याला हे इंधन पातळ पडते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ भाग. २० टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटमधून येणारे मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. याच्या उलट बाजूला जालन्याची उंची आणि ऊन आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर हवा विरळ, आणि उन्हाळ्यात ती आणखी विरळ. विरळ हवेत कार्ब्युरेटर थोडे घट्ट मिश्रण देतो. ढोबळ हिशेबाने मे महिन्याच्या दुपारी ही घट्टी पाच-सहा टक्क्यांपर्यंत जाते आणि इथेनॉलने आणलेला पातळपणा बराचसा भरून काढते. जानेवारीच्या पहाटे मात्र ती एक-दोन टक्क्यांवर येते. म्हणजे जी गाडी उन्हाळ्यात नव्या पेट्रोलवर निर्धास्त चालते, तीच हिवाळ्यात नेमकी थंड असताना पातळ पडते. शिवाय इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि थंड मॅनिफोल्डमध्ये तीच तर नसते. गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत जुन्या गाड्या सकाळी जास्त त्रास देऊ लागल्या असतील तर त्याचे एक कारण इथे आहे. चोकची केबल कापून चालवायचे दिवस त्यामुळे संपले असे मी समजतो.

पातळपणा चोकवरच्या स्लोने भरून काढता येत नाही. थ्रॉटल जास्त उघडला की हवा जास्त आणि थ्रॉटलखालचा निर्वात कमी. पेट्रोल त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून चोकवर असताना इंजिन खोकत बंद पडत असेल तर आधी चोक पुरता बंद होतो का ते बघायचे, मग मिश्रण, आणि वेग शेवटी.

पीयूसीचा मुद्दाही याच्याशी जोडलेला आहे. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकी पेट्रोल गाडीला स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतो. ही मर्यादा सैल आहे, नीट बसवलेली पद्मिनी किंवा जीप तिच्यात सहज बसते. पण चोक जरासा ओढलेला राहिला किंवा कॅम खाली बसला नाही तर ती नापास होते. केंद्रावर गाडी थंड घेऊन जाऊ नये. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेतला क्रमांक मिळण्याची वाट खुली केली. १९७५ च्या आधीची जीप ज्यांच्या वाड्यात उभी आहे, त्यांना कापलेली केबल आणि तारेने बांधलेला फ्लॅप पुन्हा मूळ जागी आणायला हे आणखी एक कारण.

सुटे भाग पूर्वीसारखे मिळत नाहीत. मुंबईत शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर सोलेक्सच्या भागांचा एक मोठा रोजचा बाजारही आटला. कुर्ल्यात आणि पुण्याच्या नाना पेठेत अजून जुना माल मिळतो. नवा म्हणून मिळणाऱ्या दुरुस्तीच्या किटमधले रबर इथेनॉलला टिकणारे आहे का, हे विचारून घ्यावे. पण सगळ्यात नडणारा भाग विकत मिळतच नाही: थ्रॉटलची आडवी दांडी आणि तिचे घर. वर्षानुवर्षांच्या धुळीने ते झिजते, बाजूने हवा आत येते, स्लो कधी वर कधी खाली होतो, आणि कोणताही स्क्रू तो स्थिर करू शकत नाही. दांडी धरून वरखाली हलवली आणि ती जाणवण्याइतकी हलली, तर समायोजन थांबवावे. इथे जालन्याला एक फायदा आहे. रोलिंग मिलच्या या गावात लेथवर बारीक काम करणारे कारागीर आहेत. घर मोठे करून त्यात पितळी बुश बसवणे आणि नव्या दांडीला नेमके माप देणे हे काम त्यांच्या आवाक्यातले आहे. फक्त चकती बसवण्याची खाच आणि तिचा कोन मूळ दांडीवरून हुबेहूब घ्यायला सांगावे. एका बुशने जो स्लो स्थिर होतो तो चार कार्ब्युरेटर बदलूनही होत नाही.

इथेनॉलसाठी जेट मोठा करावा का, यावर मते दोन आहेत. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. समजा मुख्य जेट १२० चा आहे. १२५ चा लावला तर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते, म्हणजे इथेनॉलचा हिशेब जवळपास जुळतो. एक पायरी मोठा मुख्य जेट मला योग्य वाटतो, विशेषतः महामार्गावर लांब पल्ल्याला चालणाऱ्या गाडीसाठी. पण स्लोच्या जेटला हाच न्याय लावू नये. त्याचे भोक इतके बारीक असते की ४५ चा ५० केला तर क्षेत्रफळ एकदम जवळजवळ चौथ्या हिश्श्याने वाढते. तिथे मिश्रणाचा स्क्रू पुरेसा आहे. स्टार्टरचा जेटही आधी फक्त साफ करून पाहावा. एस.यू. असलेल्या अँबेसेडरच्या मालकाचे काम सगळ्यात सोपे आहे. त्याच्या एकाच जेटमधून स्लो, वेग आणि चोक तिन्ही चालतात, आणि खालच्या षटकोनी नटाच्या एक-दोन कडा फिरवून तो जेट किंचित खाली घेतला की तिन्ही ठिकाणी मिश्रण घट्ट होते. त्यानंतर गरम इंजिनावर स्लो पुन्हा बघायचा, आणि चोकचा दांडा जेट हलू लागण्याच्या अगदी आधीच्या जागी धरून कॅमचा स्क्रू पुन्हा १००० ते १२०० च्या मध्ये आणायचा.